माळ वाचवण्यासाठी लावलेलं झाड

दुर्बिणीतून पक्षी दिसला नाही तर ‘नाही दिसला’ म्हणावं, एवढी साधी गोष्ट मला सगळी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात घालवूनही जमली नाही. दोष माझा एकट्याचा नाही, धंद्याचा आहे. मास्तर कधी ‘मला दिसत नाही’ म्हणत नसतो. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक सोलापूरच्या धुळीनं असे काही आंधळे झाले होते, की त्यांतून अमीबा दिसणं हा श्रद्धेचा भाग होता. मी डोळा लावून ‘हं’ म्हणायचो, मुलं डोळा लावून ‘दिसला सर’ म्हणायची, आणि आम्ही सगळे सुखानं पुढच्या काचपट्टीकडे वळायचो. एका वर्षी एक मुलगी मात्र बराच वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, “सर, हा अमीबा नाही. हवेचा बुडबुडा आहे.”

ती मुलगी पुढे शास्त्रज्ञ झाली. मी विभागप्रमुख झालो.

ही गोष्ट तिची आहे, आणि तिच्या माळाची. मी त्यात मधे मधे येतो, कारण मधे येणं हेच माझं काम होतं.

निवृत्तीनंतर मला जैवविविधतेसाठी नेमलेल्या एका सरकारी समितीवर ‘तज्ज्ञ सदस्य’ म्हणून घेतलं. तज्ज्ञ कशातला, हे नेमणुकीच्या पत्रात लिहिलं नव्हतं आणि मीही खोदून विचारलं नाही. बैठक व्हायची तेव्हा व्हायची. चहा यायचा, इतिवृत्त वाचलं जायचं, ‘सदस्यांनी समाधान व्यक्त केले’ असं त्यात असायचं, आणि ते ऐकून मला खरंच समाधान वाटायचं.

त्याच सुमारास संगणकावर घरबसल्या एक जागतिक कार्यशाळा झाली. जगातली जीवसृष्टी वाचवायची तर विज्ञान आणि धोरण यांना एकमेकांशी जोडायचं कसं, असा विषय होता. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत जगभरची माणसं बसली होती. कुणाच्या मागे बर्फ, कुणाच्या मागे पुस्तकं. माझ्या मागे चादर, कारण भिंतीचा पोपडा निघाला होता. आफ्रिकेतल्या एक बाई कळवळून सांगत होत्या, की आमची गवताळ रानं झाडं लावून लावून संपवली जाताहेत, आणि लावणाऱ्यांना वाटतंय आपण पृथ्वी वाचवतोय. मग कुणीतरी एका पुलाचं चित्र दाखवलं. एका काठावर विज्ञान, दुसऱ्या काठावर धोरण, आणि मधल्या पुलावर लिहिलं होतं, ‘तुम्ही’.

ते ‘तुम्ही’ मी फारच मनाला लावून घेतलं. चहा घेऊन आलेल्या बायकोला म्हणालो, “मी पूल आहे.”

“असाल,” ती म्हणाली, “पण आधी दळण आणा.”

पुढच्याच बैठकीत, पावसाळ्यात झाडं कुठं कुठं लावायची त्या जागा वाचून दाखवल्या गेल्या. त्यात तिचा माळ होता. अक्कलकोट मागे टाकून दुधनीच्या वाटेला लागलं, की डाव्या हाताला लांबवर पसरलेला. सरकारी कागदात त्याचं वर्णन एका शब्दात होतं: पडीक.

हा माळ बघायला गेलात तर तुम्हीही म्हणाल, इथं आहे काय? सगळे तेच म्हणतात. उन्हाळ्यात घोट्याएवढं पिवळं कुसळी गवत, मधे मधे उघडा मुरूम, एखादी खुरटी बाभळ, आणि अंगातलं पाणी पिऊन टाकणारं ऊन. पण ती सोबत असली की जिथं काही नसतं तिथून चंडोल उडतो, ढेकूळ वाटलेलं काहीतरी उठतं आणि ससा होऊन पळतं, बांधाच्या पोटात खोकडाची पिल्लं निघतात. आणि धाविक. तिच्या सगळ्या अभ्यासाचा विषय हा धाविक. साळुंकीहून जरा थोराड, विटकरी अंगाचा, उंच पांढुरक्या पायांचा पक्षी. चार पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, ताठ उभा राहून बघतो, परत पळतो. लग्नघरी आपली चप्पल शोधणाऱ्या पाहुण्यासारखा. घरटं म्हणून काही बांधत नाही. उघड्या मुरमावर अंडी घालतो. ती खड्यांसारखी दिसतात, तेवढंच त्यांचं संरक्षण. चहूबाजूंचं लांबवर दिसावं, एवढीच त्याची देवाकडे आणि सरकारकडे मागणी.

बैठकीची बातमी ऐकून ती संध्याकाळी घरी आली. बायकोनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली. तिनं भाकरी मोडली आणि ताटातच ठेवून दिली.

“सर, झाडं लावली की तो माळ संपला. सावली पडली की गवत जातं. फांदी मिळाली की कावळे येऊन बसतात, अंडी उचलतात. आणि धाविकाला काहीच दिसत नाही. तो तिथं राहतच नाही मग.”

“अगं, पण झाड लावणं वाईट कसं असेल?” बायको म्हणाली. हा प्रश्न माझ्याही मनात होता, पण मी तज्ज्ञ असल्यामुळे गप्प बसलो होतो.

“काकू, ट्रॅक्टर वाईट असतो का? पण तुमच्या स्वयंपाकघरात आणून लावला तर?”

बायकोनं क्षणभर विचार केला. “ह्यांनी स्कूटर लावलीच आहे की माजघरात,” ती म्हणाली. पण तिला पटलं. मला तर आधीच पटलेलं होतं. कुणाचंही मला लगेच पटतं, त्यावरच तर समितीत नेमणूक झाली.

तिनं कित्येक उन्हाळे त्या माळावर काढले होते. लग्नाची स्थळं परत गेली होती. तोंड रापून असं झालं होतं की दुधनीच्या बाजारात लोक तिला शेतमजूर समजून भाव सांगायचे. त्या सगळ्याचा तिनं केलेला अहवाल कचेरीत कधीचाच दिलेला होता. अहवाल उत्तम होता. दोष एकच, तो वाचावा लागत होता.

ज्यांच्या शब्दानं जागा वगळली जाऊ शकत होती त्या साहेबांना मी भेटलो. तरुण, सभ्य, घाईतला माणूस. म्हणाले, “सर, माझं काही म्हणणं नाही. पण जागा वगळायची तर मला वरती सांगावं लागतं, की मी स्वतः जाऊन पाहिलं, तिथं अमुक आहे. मला काहीतरी दाखवा. मग बघू.”

म्हणजे सगळं एका घरट्यावर आलं. साहेबांनी डोळ्यांनी अंडी पाहिली, त्यांवर बसलेली मादी पाहिली, तर माळ वाचणार. नाही तर पावसाळ्याच्या तोंडाला खड्डे.

ते घरटं तिनं मला आधी दाखवलं. सकाळी लवकर आम्ही माळावर गेलो. तिनं लांबूनच दुर्बीण माझ्या हातात दिली.

“तो दगड बघा सर. त्याच्या उजवीकडे वाळलेलं शेण. त्याच्या जरा पुढे. बसलीय बघा.”

मी पाहिलं. दगड होते. दगडाच्या उजवीकडे दगड होते, डावीकडेही होते. शेणाचीही कमतरता नव्हती.

“दिसली?”

“वा!” मी म्हणालो.

‘वा’ हा फार सोयीचा शब्द आहे. त्यात खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. तिचा चेहरा असा काही उजळला, की मी आणखी एकदा ‘वा’ म्हणालो आणि वर ‘काय ऐट आहे’ असंही घातलं.

तिथं खूण म्हणून एखादी काठी रोवून ठेव, असं मी सुचवलं. ती नको म्हणाली. “खूण केली की कावळेही येतात आणि माणसंही. आपल्या दोघांना माहीत आहे, तेवढं पुरे.” मग तिनं अटी सांगितल्या. साहेबांसकट चारच माणसं. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवायची. बोलायचं नाही. लांबूनच बघायचं आणि निघायचं. मी सगळं मान्य केलं. मान्य करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आता गावच्या सरपंचांना न सांगता साहेबांना त्यांच्या शिवारात नेणं म्हणजे नवऱ्यामुलाला मागच्या दारानं मांडवात आणणं. मी त्यांना जाऊन भेटलो. माणूस सोन्यासारखा. घरात कन्नड, चावडीत मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम.

“साहेब येणार? आमच्या गावात? अन् तुमी म्हणताय चार माणसं?” त्यांनी कपाळाला हात लावला. “सर, दुष्काळात बी साहेब हितं आला न्हाय. आता येतोय तर आमी काय घरात बसायचं?”

“अहो, पण पक्षी घाबरतील.”

“पाखरं कशाला घाबरतील? त्यांना सवय हाय की आमची.”

“मंडप वगैरे नको.”

“मंडप न्हाय हो. नुसतं एक कापड. साहेबांच्या डोक्यावर ऊन ठेवायचं का? तुमी फकस्त बर्री, या! बाकी आमी हाय की.” मग ते जरा थांबले. “अन् वृक्षारोपण कशाचं ठेवायचं? वड का लिंब?”

इथं ‘नको’ म्हणायचं होतं. झाडं लावू नका हे सांगायला आपण साहेबांना आणतोय, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी हयातभर कॉलेजची शिबिरं घेतलेला माणूस. आमच्याकडे पाहुणा आला की फेटा, नारळ आणि त्याच्या हस्ते वृक्षारोपण, हे व्हायचंच. व्यसनमुक्तीच्या शिबिराला मी झाड लावून घेतलंय, गणिताच्या चर्चासत्रालाही घेतलंय. नेत्रतपासणीच्या शिबिरात तर पाहुणे खड्ड्यातच उतरले होते. ‘वृक्षारोपण कशाचं?’ हा प्रश्न कानावर पडला आणि डोक्याला न विचारता तोंड म्हणालं, “लिंब ठेवा. देशी आहे.”

‘देशी आहे’ हे वर. सगळ्या प्रकरणात शास्त्राचा वाटा तेवढाच.

आदल्या दिवशी दुपारी मंडपवाले चाचा टेम्पो घेऊन माळावर आले. ती नकाशे छापून आणायला सोलापूरला गेली होती. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या गाडीतूनच यायचं आणि वाटेत त्यांना विज्ञान समजावून सांगायचं, अशी योजना मी आखून दिली होती. पूल होता ना मी. मंडपाचं तिला सांगितलं नव्हतं. म्हटलं, आल्यावर दिसेलच.

चाचा मोठे समजूतदार. टेम्पोतून बांबू उतरवण्याआधी माझ्याकडे आले. “सर, वो चिडिया किधर बैठी बोलो. उधर हमारे लोगां पाँव नै रखते.”

मी माळाकडे पाहिलं. सगळीकडे दगड होते. आता तिला फोन करून विचारावं, तर त्या ‘वा’चं काय करायचं? मी डोळे बारीक केले, अनुभवी माणसासारखा थोडा वेळ घेतला, आणि एका ऐटबाज दगडाकडे बोट दाखवलं.

चाचांनी त्या दगडाभोवती दोरी बांधली. आपल्या माणसांना दटावलं, “इधर कोई नै आने का. अंडे हैं.” एक पोरगा तिकडून बांबू घेऊन गेला तर त्याच्या पाठीत धपाटा बसला. त्या दगडाला जे संरक्षण मिळालं ते आजवर जगातल्या कुठल्याही दुर्मीळ प्रजातीला मिळालेलं नसेल.

सकाळी साहेबांची गाडी आली ती थेट मंडपापर्यंत. कापडाचा मंडप झाला होता, मंडपाला झालर लागली होती, आणि गाव नटूनथटून आलं होतं. वाळक्या गवतावर साहेबांना बसवणं बरं दिसेना, म्हणून चाचांनी हिरवंगार कार्पेट अंथरलं होतं. त्या पिवळ्या माळावर तो हिरवा चौकोनी तुकडा एखाद्या लॉनसारखा दिसत होता. पलीकडे एक खड्डा, खड्ड्याभोवती रांगोळी, आणि शेजारी लिंबाचं रोप.

ती गाडीतून उतरली. तिनं मंडप पाहिला, स्पीकर पाहिला, खड्डा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला. अशा वेळी हात का हलवतो माणूस, देव जाणे.

सरपंचांनी साहेबांना फेटा बांधला. तेवढ्यात कार्पेटच्या कडेनं काहीतरी तुरुतुरु पळालं. थबकलं. ताठ उभं राहून लोकांकडे बघत राहिलं. परत पळालं, परत त्याच जागी आलं. विटकरी अंग, उंच पाय, डोळ्यावरून काळी-पांढरी रेघ. आयुष्यात पहिल्यांदा मला धाविक दुर्बिणीशिवाय, धडधडीत दिसत होता.

“बघा साहेब,” सरपंच माइकवरून म्हणाले, “पाखरू सुद्धा स्वागताला आलं!”

टाळ्या पडल्या. पाखरू उडालं नाही. कडेकडेनं पळत राहिलं.

ती माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, “सर, ती दोरी कशाला बांधलीय?”

“घरट्यासाठी. मुद्दाम बांधून घेतली.”

“घरटं तिथं नव्हतं.”

“मग?”

ती कार्पेटकडे बघत होती. पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांकडे. मधल्या खुर्चीवर साहेब बसले होते आणि नारळ स्वीकारत होते.

भाषणं झाली. मीही बोललो. विज्ञान, धोरण आणि पूल, सगळं आलं त्यात. साहेब उठून तिला म्हणाले, “हं मॅडम, दाखवा. कुठं आहे घरटं?” त्यांचा सूर खरोखर उत्सुक होता, हे मी आजही सांगितलं पाहिजे. ती म्हणाली, “साहेब, आता दाखवण्यासारखं राहिलं नाही.” त्यांना वाटलं, पक्षी उडून गेला असेल. “पुढच्या वेळी नक्की,” ते म्हणाले आणि घड्याळ पाहिलं. सरपंचांनी त्यांना खड्ड्याकडे नेलं. “सर, तुमी बी या की. तज्ज्ञ माणूस पायजे.” मी गेलो. साहेबांचा एक हात रोपाला, माझा एक हात रोपाला. फोटोग्राफर म्हणाला, “जरा हसा सर.” मी हसलो.

सगळे जेवायला गावात गेल्यावर चाचांच्या माणसांनी खुर्च्या उचलल्या आणि कार्पेट गुंडाळायला घेतलं. ती तिथंच उभी होती. एका जागी आल्यावर तिनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि खाली बसली. मुरमावर दोन ओले डाग होते, आणि कवचाचे तुकडे. ते तुकडे तेव्हासुद्धा मला आधी खडेच वाटले. कार्पेटच्या पाठीला थोडं चिकटलं होतं.

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली. “हमने तो पूछ्या था बेटा. सर कू पूछ्या था.”

“तुमची चूक नाही चाचा,” ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “सर, त्या दिवशी तुम्हाला दिसली होती ना?”

माझ्याजवळ बरीच उत्तरं होती. ऊन होतं, चष्म्याचा नंबर वाढलाय, दगड सारखेच दिसतात. मी म्हणालो, “तशी इथं अजून जोड्या असतीलच की.”

तिनं मान हलवली. हे बोलणं तिच्या अहवालात कुठं बसवायचं याचा विचार करत असल्यासारखी.

त्या फोटोनं पुढं माझ्यापेक्षा बरंच मोठं नाव काढलं. पेपरात आला: माळरानावर वृक्षारोपणाचा शुभारंभ, तज्ज्ञांचा सहभाग, ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. मी पेपर घेऊन साहेबांकडे धावलो. म्हटलं, साहेब, आपण उलटं ठरवलं होतं. ते कळवळून म्हणाले, “सर, तुम्ही स्वतः रोप लावलंत. फोटो वरपर्यंत गेलाय. आता ही जागा झाडांसाठी नको, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?” त्यांच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही. मला कधीच सापडत नाही, पण तेव्हा खरोखरच नव्हती.

पाऊस सुरू व्हायच्या आधी जेसीबी आले. त्या माळावर मी कधी सरळ रेघ पाहिली नव्हती. खड्ड्यांच्या रांगाच रांगा पडल्या, शाळेच्या पटांगणात पोरं उभी करावीत तशा. उकरलेल्या मुरमाचे ढीग गवतावर पडले. खड्ड्यांत गिरिपुष्प लागलं, कारण ते लवकर वाढतं आणि शेळ्या फारशा तोंड लावत नाहीत. यशाची एवढीच व्याख्या होती. ती रोज जायची. काय बघायची कुणास ठाऊक. एक दिवस जायची बंद झाली.

पुढच्या जागतिक कार्यशाळेत मी परत चादरीपुढे बसलो. एका बाईंनी निरनिराळ्या देशांतली यशाची उदाहरणं दाखवायला घेतली, आणि पडद्यावर अचानक मीच आलो. फेटा बांधलेले साहेब, शेजारी दात दाखवणारा मी, आणि मधे लिंबाचं रोप. फोटो कुठून कुठं फिरत तिथं पोचला होता, कोण जाणे. बाई म्हणाल्या, पाहा, विज्ञानाचा हात आणि धोरणाचा हात एकाच रोपावर. चौकोनांतली माणसं टाळ्या वाजवू लागली. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की हे यश नाही, ही माझी चूक आहे, हे झाड तिथं नको होतं. बाई फार गोड हसल्या. म्हणाल्या, किती ही नम्रता! ज्या आफ्रिकेतल्या बाईंना माझं बोलणं कळलं असतं त्या त्या दिवशी आल्या नव्हत्या.

“काय म्हणतात?” बायकोनं मागून विचारलं.

“पूल बांधून झाला म्हणतात,” मी म्हणालो. तिनं पडद्यावरचा फोटो पाहिला आणि आत गेली. दळणाचंही काढलं नाही, तेव्हा मी समजलो.

ती आता चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पर्यावरण विभागात आहे. कारखान्यानं आवारात किती झाडं लावली याचा अहवाल तयार करणं, हे तिचं काम. हा अहवाल मात्र वाचला जातो. नोकरी लागल्याचं सांगायला ती पेढे घेऊन आली होती. जाताना तिनं दुर्बीण माझ्या टेबलावर ठेवली. “मला आता लागत नाही सर. तुम्ही ठेवा.” मी ‘वा’ म्हणणार होतो. पण तेवढं तरी आवरलं.

मधे काही वर्षं गेली. या उन्हाळ्यात मी एकटाच माळावर गेलो. मनात एकच काम होतं: ते लिंबाचं झाड उपटून टाकायचं. त्यानं काही होणार नव्हतं, हे कळत होतं. पण निदान माझ्या हातचं तेवढं तरी. गेलो तर सगळ्या माळावर खड्डेच खड्डे. त्यांतलं गिरिपुष्प बहुतेक वाळून काड्या झालेलं. उकरलेल्या जागी गवतही परत आलेलं नाही, नुसतं गाजरगवत माजलेलं. म्हणजे झाडंही नाहीत आणि माळही नाही. त्या सगळ्यात एकच झाड हिरवंगार उभं: आमचं. भोवती लोखंडी जाळी, आणि जाळीला पाटी. पाटीवर साहेबांचं नाव, खाली माझं. साहेबांच्या नावाचा रंग उडाला होता. माझं ठणठणीत होतं.

मी जाळीतून आत शिरलो, बुंध्याला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. ते हललं नाही. पाय रोवून ओढलं. कमरेत चमक निघाली. तसाच वाकलेल्या अवस्थेत असताना मागून आवाज आला.

“व्हय सर! ह्या वयात बी आळं करायला आलात?”

सरपंच मोटरसायकलवर होते. त्यांनी मोबाईल काढून आधी फोटो घेतला, मग मला हात देऊन सरळ केलं. “बाकीची झाडं वाळून गेली बघा. पर तुमचं मी जगवलं. घरच्या टँकरचं पाणी घातलं त्याला. तज्ज्ञ माणसाच्या हातचं हाय म्हटलं.”

“ते कशाला हो...”

“असू द्या की. लई ऊन असतं हितं. गावातल्या शाळेतली पोरं दुपारी ह्याच्या खाली डबा खातात. सबंध शिवारात एवढीच सावली.” ते खड्ड्यांकडे बघत म्हणाले, “खड्डे हायतच. पुढच्या पावसाळ्याला परत लावू म्हणतात. एन माडोदरी, काय करायचं? वरनं आलं की लावायचं.”

त्या माणसावर मला रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर मी दुर्बीण काढली. जाळीला टेकून सगळा माळ पालथा घातला. आधी रस्त्याच्या बाजूनं, मग ओढ्याच्या. लिंबावर एक कावळा येऊन बसला आणि तोही बघू लागला. तेवढ्यात फोन वाजला. तिचाच. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

“सर, काकू म्हणाल्या तुम्ही माळावर गेलात.”

“हो.”

“दिसली का एखादी?”

“नाही,” मी म्हणालो. “नाही दिसली.”

यंत्रांचा आवाज मागे पडला, ती बाहेर आली असावी. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “पण सर, तुम्हाला तशी दिसत नाहीच ना. समोर असली तरी.”

ती टोमणा मारत नव्हती. तिच्या आवाजात आशा होती. त्या सगळ्या माळाची, तिच्या त्या सगळ्या उन्हाळ्यांची आशा आता माझ्या आंधळेपणावर येऊन टेकली होती.

“हो,” मी म्हणालो. “मला कुठं दिसतात? असेल इथंच कुठंतरी.”

फोन ठेवून मी परत दुर्बीण लावली. एकेक दगड नीट पाहिला. उन्हं चढेपर्यंत पाहत राहिलो, एखादा तरी उठून पळेल म्हणून. सगळे दगडच होते.